टंचाईच्या काळातले चांदीचे रुपये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात निघणारे जुने रुपये पाहून नाणीसंग्रहाकडे वळलेली माणसे बरीच आहेत. त्यांचे प्रश्नही ठरलेले असतात. इथली उत्तरे मुख्यतः ब्रिटिश हिंदुस्थानच्या चांदीच्या नाण्यांपुरती आहेत, आणि त्यातही दोन महायुद्धे व मधली जागतिक मंदी या काळापुरती. शिवराई, होन, मोगलांचे रुपये हा वेगळा विषय आहे.

आमच्याकडे आजीच्या वेळचे राणीछाप रुपये आहेत. दुर्मिळ असतील ना?

बहुधा नाहीत. हे उत्तर ऐकून लोक खट्टू होतात, पण ते पहिल्यांदा सांगितलेले बरे. व्हिक्टोरियाचे रुपये कोट्यवधींनी पडले, घरोघरी साठवले गेले आणि आजही सराफ बाजारात सहज मिळतात. नाणे जुने असणे वेगळे आणि ते दुर्मिळ असणे वेगळे. १८६२ सालचा रुपया दीडशे वर्षांहून जुना आहे, पण तो चटकन मिळतो. १९३९ चा रुपया त्याच्यापुढे कालचा, पण संग्राहक तो वर्षानुवर्षे शोधत असतात.

किती नाणी पाडली यापेक्षा किती वितळली हे या क्षेत्रात जास्त महत्त्वाचे. टांकसाळीचे आकडे पाहून दुर्मिळता ठरवणारा माणूस निम्मा हिशेबच करत असतो.

राणीछाप रुपयांचा डबा मात्र न बघता बाजूला सारू नका. १८६२ हे साल पुढची दहाएक वर्षे तसेच ठेवून रुपये पाडले जात होते. मुंबईच्या टांकसाळीने त्या काळात सालाजवळ बारीक ठिपके देऊन खरे वर्ष सूचित केले. त्या ठिपक्यांच्या काही जुळण्या खरोखरच कमी सापडतात. भिंग घ्या आणि ठिपके मोजा.

रुपयात चांदी किती असते?

१८३५ पासून कंपनी सरकारने आपल्या सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे एका रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम निव्वळ चांदी. हे वजन बरोबर एक तोळा भरते, म्हणूनच जुने सराफ तोळ्याचे वजन म्हणून तागडीत थेट कलदार रुपया टाकत.

हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. १९४० मध्ये ते निम्म्यावर आले आणि १९४७ मध्ये चांदी रुपयातून पुरती गेली.

पहिल्या महायुद्धात चांदीची एवढी टंचाई होती, तर १९१७-१८ चे रुपये इतके स्वस्त कसे?

कारण टंचाई होती म्हणूनच ते प्रचंड संख्येने पाडावे लागले. युद्धासाठी हिंदुस्थानातून ताग, गहू, कातडी, सैनिक असे सगळे जात होते आणि त्याचे पैसे इथे रुपयांत चुकवावे लागत. माणसे रुपया हातात आला की घरात पुरून ठेवत, तो परत चलनात येत नसे. टांकसाळी रात्रंदिवस चालल्या तरी मागणी पुरी होत नव्हती.

त्यातच लंडनमध्ये चांदीचा भाव चढला. रुपयाची किंमत तेव्हा १ शिलिंग ४ पेन्स (शिलिंग म्हणजे १२ पेन्स). चांदी औंसाला ४३ पेन्सांच्या वर गेली की रुपयातल्या धातूचीच किंमत रुपयापेक्षा जास्त भरे. १९१७ च्या ऑगस्टच्या सुमारास ती रेषा ओलांडली गेली. १९२० च्या फेब्रुवारीत भाव ८९ पेन्सांपर्यंत पोचला. अशा वेळी रुपया खर्च करण्यापेक्षा वितळवणे फायद्याचे, आणि कायद्याने मनाई असूनही ते होत होते.

सरकारने मग जे जमेल ते केले. १९१७ च्या शेवटी एक रुपयाची नोट निघाली, १९१८ मध्ये चक्क अडीच रुपयांची. चवली (दोन आणे), पावली (चार आणे) आणि अधेली (आठ आणे) यांतून चांदी काढून तांबे-निकेलची नाणी आणली. त्या अधेलीची बनावट इतकी झाली की लवकरच ती मागे घ्यावी लागली. आणि अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकली. तुमच्या डब्यातल्या १९१८ च्या रुपयात एखाद्या अमेरिकन डॉलरची चांदी असू शकते.

तेव्हा १९१६ ते १९१९ चे रुपये चांदीच्या भावाहून फार महाग घेऊ नका, अगदी कोरे करकरीत असल्याशिवाय. त्या धावपळीच्या लगेच नंतरचे, १९२१ आणि १९२२ चे मुंबईचे रुपये मात्र कमी पडले आहेत. सालाचे आकडे नीट वाचा. डब्यात १९१२ आणि १९२२ शेजारी पडलेले असतात आणि झिजलेल्या नाण्यावर ते सहज चुकतात.

१९३० च्या मंदीतले रुपये कुठे मिळतील?

मिळणार नाहीत, कारण ते पाडलेच गेले नाहीत. युद्ध संपल्यावर पुरून ठेवलेले रुपये तिजोरीत परत येऊ लागले. सरकारकडे इतकी चांदी साचली की नवा रुपया पाडण्याचे कारण उरले नाही. १९२३ पासून पुढे दशकभर चलनासाठी रुपया पडला नाही, छोटी नाणी तेवढी पडत राहिली.

मग मंदी आली. १९३१ च्या सुरुवातीला चांदी औंसाला १२ पेन्सांपर्यंत घसरली. रुपया तेव्हा १ शिलिंग ६ पेन्सांचा, आणि त्यातली चांदी जेमतेम साडेचार पेन्सांची. पहिल्या युद्धाच्या उलट परिस्थिती: आता रुपया वितळवणारा नुकसानीत. शेतमालाचे भाव कोसळले, सारा आणि सावकार मात्र तसेच राहिले. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडल्यावर सोन्याचा भाव वाढला आणि घराघरांतले दागिने विकले जाऊन जहाजांतून बाहेर गेले. मंदीत या देशाने सोने गमावले, चांदीचा रुपया ट्रंकेतच राहिला.

म्हणून पंचम जॉर्जचा १९२५ किंवा १९३१ चा रुपया कुणी 'फार दुर्मिळ' म्हणून दाखवला, तर पाकिटाला हात न लावता पुढे चला.

१९३९ च्या रुपयाचे एवढे काय आहे?

सहाव्या जॉर्जच्या नावाने जुन्या प्रमाणाच्या चांदीत रुपया पडला तो १९३८ आणि १९३९ या दोनच सालांचा. १९३९ चा मुंबईत पडला, वीस-पंचवीस लाखांच्या घरात. त्या काळच्या मानाने हा आकडा लहान असला तरी नगण्य नाही. पण सप्टेंबरात युद्ध सुरू झाले. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्यावर लोकांचा नोटांवरचा विश्वास उडाला आणि रुपयांसाठी खिडक्यांवर गर्दी झाली. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणे हा गुन्हा ठरवला, पावसाळ्यात एक रुपयाची नोट काढली (तीही १९३५ साल आणि पंचम जॉर्जचे चित्र असलेली, कारण छापून तयार तीच होती), आणि वर्षअखेरीस निम्म्या चांदीचा नवा रुपया आणला. अस्सल चांदीचे रुपये परत गोळा होऊन मुशीत गेले. १९४१ ते १९४३ या काळात आधी व्हिक्टोरियाचे, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे असे जुने रुपये टप्प्याटप्प्याने कायदेशीर चलनातून काढले गेले.

राणीछाप रुपये तोवर दोन पिढ्या जमिनीत आणि ट्रंकांत जिरले होते, त्यामुळे ते वाचले. १९३९ च्या रुपयाला घरात पोचायला वेळच मिळाला नाही.

त्याच सालची पावली किंवा अधेली मात्र तेवढी दुर्मिळ नाही. '१९३९ चे चांदीचे नाणे' अशी मोघम जाहिरात दिसली की आधी विचारा, कितीचे?

१९३९ चा रुपया खरा की खोटा, कसे ओळखायचे?

खोटाच आहे असे धरून चाला आणि नाण्याला ते खोडून काढू द्या. बाजारात दिसणाऱ्या १९३९ च्या रुपयांत खोट्यांचा भरणा मोठा आहे. फसवणुकीचे दोन मुख्य प्रकार.

पहिला, १९३८ चा खरा रुपया घेऊन शेवटच्या ८ चा ९ करणे. वजन बरोबर, चांदी बरोबर, आवाज बरोबर. फक्त आकडा खोटा. दहापट भिंगाखाली शेवटचा आकडा पाहा: ९ ची शेपटी बाकीच्या आकड्यांइतकीच उंच उठलेली आहे का? ८ चा खालचा वेढा खरवडून उघडला असेल तर त्या जागी पृष्ठभागाचा पोत बदललेला दिसतो, बारीक ओरखडे किंवा उथळ खड्डा. नाणे दिव्याखाली हळूहळू फिरवा. पाडलेल्या नाण्यावरची चमक सालाच्या आकड्यांभोवती अखंड फिरते; खरवडलेल्या जागी ती तुटते.

दुसरा, साचा घेऊन ओतलेले नाणे. यात अक्षरांच्या कडा बोथट असतात, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतात आणि कडेवर कुठेतरी जोडाची रेघ घासून काढल्याची खूण सापडते. कड नेहमी पाहा. खऱ्या १९३९ च्या रुपयाची कड साधी दातेरी आहे. मधोमध खाच आणि खाचेत नक्षी दिसली, तर ती १९४० नंतरच्या रुपयाची कड.

एवढे करूनही खात्री पटली नाही, तर पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्थांनी तपासून डबीत बंद केलेले नाणेच घ्या. डब्याही खोट्या निघतात, म्हणून त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहा.

घरच्या घरी चांदी तपासता येते का?

येते, आणि नाण्याला ओरखडाही न पाडता. सराफाची कसोटी किंवा आम्ल नाण्याला लावू देऊ नका.

शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. नाण्याचे वजन करा, समजा ११.६४ आले. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला वा बाजूला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. बारा भागांत अकरा भाग चांदीच्या रुपयाचा आकडा १.१३ च्या आसपास येतो आणि भागाकार १०.३ च्या जवळ. निम्म्या चांदीच्या रुपयाचा भागाकार साडेनऊच्या आसपास. जर्मन सिल्व्हरचा साडेआठ-पावणेनऊ.

लोहचुंबकाची चाचणी फार थोडे सांगते. चांदी चिकटत नाही, पण तांबे आणि पितळही चिकटत नाही. तिचा खरा उपयोग १९४७ चा वाघाचा रुपया ओळखायला: तो शुद्ध निकेलचा आहे आणि खटकन चिकटतो. तो चांदीचा समजून विकत घेणारे अजून भेटतात.

वाजवून पाहण्याची जुनी रीत अनुभवी कानाला उपयोगी आहे. पण चांगल्या स्थितीतले नाणे फरशीवर आपटू नका हो.

१९४० ते १९४५ चे रुपये जमवण्यासारखे आहेत का?

माझ्या मते नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. चांदी ५०, तांबे ४०, निकेल ५ आणि जस्त ५ टक्के असा चार धातूंचा हा मिश्रधातू. झिजला की तांब्याची पिवळट-तपकिरी झाक वर येते, म्हणून जुने लोक या रुपयाला नाक मुरडत. बनावट रोखण्यासाठी त्याच्या कडेवर ती खाचेतली नक्षी आली. युद्धात मुंबई आणि कलकत्ता पुरेनात म्हणून १९४३ मध्ये लाहोरला टांकसाळ उघडली, तिथल्या नाण्यांवर इंग्रजी एल अक्षर आहे. सहा साले, लाहोरचे निराळे, राजाच्या मुद्रेचे लहानमोठे फरक: थोड्या पैशांत बराच अभ्यास होतो.

फक्त कोरी नाणी शोधा. चलनात फिरलेला १९४२ चा रुपया कुठेही मिळेल, पण राजाच्या भुवईवरची आणि मुकुटावरची रेघ न् रेघ शाबूत असलेला शोधायला वेळ लागतो.

मग हे रुपये एवढे पडूनही नंतर कमी का झाले?

युद्धात अमेरिकेने उधार-उसनवारीच्या करारावर सुमारे २२.६ कोटी औंस चांदी हिंदुस्थानला दिली. अट अशी की युद्धानंतर तेवढीच चांदी परत करायची. ती फेडण्याची वेळ १९५० च्या दशकाअखेर आली, तेव्हा स्वतंत्र भारताने याच निम्म्या चांदीच्या नाण्यांतून चांदी वेगळी काढली. त्यासाठी कलकत्त्यात अलीपूरच्या टांकसाळीत शुद्धीकरणाचा कारखाना उभारला गेला. एका युद्धात अमेरिकन डॉलर वितळून रुपये झाले आणि दुसऱ्यानंतर रुपये वितळून चांदी अमेरिकेला गेली.

मुंबईचा रुपया कोणता आणि कलकत्त्याचा कोणता?

पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला, सालाखालच्या नक्षीत तळाशी उठावदार ठिपका असेल तर मुंबई. नसेल तर कलकत्ता. सातव्या एडवर्डच्या मुंबईच्या रुपयांत बारीकसे बी अक्षर असते. १९३८ चा रुपया ठिपका असलेला आणि नसलेला असा दोन्ही प्रकारांत मिळतो, तिथे हा नियम लावू नका.

१९११ चा 'डुकराचा रुपया' इथे का नाही?

तो टंचाईमुळे दुर्मिळ नाही. राजाच्या झग्यावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, रुपया मागे घेऊन बराचसा वितळवला गेला आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड सुधारली. पण गोष्ट तीच: पाडला भरपूर, वाचला थोडा. मिळाला तर घ्या, फक्त हत्ती आणि साल दोन्ही एकमेकांशी जुळतात का पाहा.

मराठवाड्यात घरी निजामाचे रुपये आहेत, त्यांचे काय?

हाली सिक्क्याचा चारमिनार छापाचा रुपया इंग्रजी रुपयाहून वजनाला थोडा हलका, ११.१८ ग्रॅम, आणि चांदीही थोडी कमी. दुसऱ्या महायुद्धात निजाम सरकारनेही ती निम्म्यावर आणली. त्यावरचे साल हिजरी आहे. ते वाचायला शिकल्याशिवाय खरेदी करू नका. अरबी आकडे दहाच आहेत, एका संध्याकाळी होतात.

रुपये काळे पडलेत. चिंचेने धुऊ का?

नको. रांगोळी नको, राख नको, टूथपेस्ट नको, भांड्यांची पावडर नको. चांदीवरचा काळा थर गंधकामुळे धरतो आणि तो नाण्याचे नुकसान करत नाही. घासण्याने मात्र पृष्ठभागावर हजारो बारीक रेघा पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. पुष्कळ घरांतले उत्तम रुपये दर दिवाळीला चिंच-रांगोळी लावून उजळल्यामुळे वाया गेले आहेत.

हळदीकुंकवाचा किंवा तुपाचा थर असेल तर नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, नंतर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवा (खिडकी उघडी, गॅस बंद), आणि मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. पुसू नका. पूजेसाठी दोन साधे रुपये वेगळे काढले की घरातली भांडणेही होत नाहीत.

ठेवायचे कशात?

पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नको, काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. रबरबँड आणि वर्तमानपत्र दोन्हींत गंधक असते. मायलरची खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटे स्वस्त आणि चांगली. कोकणात, मुंबईत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्याआधी बदला. नाणे नेहमी कडेला धरून उचला.

माळेतून काढलेले, कडी लावलेले रुपये चालतील?

चांदीच्या भावाने मिळाले तर हरकत नाही. डाग देऊन कडी जोडलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने जखमीच. कडी काढून कड घासलेली नाणीही विकली जातात. बाराच्या ठोक्यापाशी, म्हणजे मुकुटाच्या वर, कडेचे दाते पुसट आहेत का ते बघा. बंजारा स्त्रियांच्या दागिन्यातला रुपया मात्र अख्ख्या दागिन्यासकट राहू द्यावा, असे मला वाटते. तोडून त्याचे काही वाढत नाही.

'जुन्या नाण्याला लाखो रुपये' अशा जाहिराती खऱ्या असतात का?

नाही. आधी नोंदणीचे पैसे, मग कर, मग विमा असे मागत जातात आणि नाणे कुणीच घेत नाही. आपल्या नावाने असे प्रकार चालतात, त्यांना फसू नका, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे बजावले होते. त्याच माळेतले कंपनी सरकारचे 'राम दरबार' आणि 'हनुमान' छाप आणे: ती चलनी नाणीच नव्हेत.

१९३९ पर्यंतच्या रुपयाची किंमत काढायची सोपी रीत: १०.७ ग्रॅम गुणिले चांदीचा आजचा भाव. हा तळ. त्यावर सालाचे आणि स्थितीचे जे काही असेल ते. ते कळण्यासाठी नाण्यांच्या लिलावांतले प्रत्यक्ष विक्रीचे भाव बघा, विक्रेत्याने लिहिलेले नव्हेत.

खरी नाणी बघायला कुठे जावे?

मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था. पुण्याचा जुना बाजार बघायला मजेचा, पण तिथे शिकायला जा, १९३९ चा रुपया घ्यायला नको.

शेत नांगरताना रुपयांचे गाडगे सापडले तर?

१८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लपवला तर हक्कही जातो आणि शिक्षाही होते. तलाठ्याकडून सुरुवात करा आणि नाणी आहेत तशी, मातीसकट ठेवा.

अमेरिकेतल्या मुलाला आजोबांचे रुपये पाठवता येतील?

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे राणीछाप, एडवर्डचे सगळे आणि पंचम जॉर्जचेही १९२२ पर्यंतचे रुपये आता त्यात आले. टपालाने पाठवू नका, सामानात टाकून नेऊ नका. १९३८ पासूनचे रुपये अजून त्या वयाला पोचलेले नाहीत. तरी सीमाशुल्काचे नियम आधी विचारून घ्या आणि नाण्यांची सालासकट यादी व फोटो सोबत ठेवा. मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा त्याने इथेच डबा उघडून बघावा, हे सर्वांत सोपे.